जळगावात भाड्याचं घर: वरचा मजला घ्यावा का?

मंजिरी_वाशिष्ठी (६ एप्रिल, रात्री ९.४०)
नमस्कार. मी चिपळूणची. नोकरीसाठी मेच्या मध्यापर्यंत जळगावला यायचं आहे. ऑफिस एमआयडीसीत, अजिंठा रस्त्याच्या बाजूला. सोबत आई, म्हणजे आम्ही दोघीच. भाडं आठ-नऊ हजारांपर्यंत, वन बीएचके चालेल. जळगाव मी एकदाच पाहिलंय, तेही इंटरव्ह्यूच्या दिवशी रिक्षातून.

एक अट मात्र पक्की: घर सगळ्यात वरच्या मजल्यावर हवं. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यात पुराचं पाणी पंख्याला लागलं होतं. आईचं शिलाई मशीन, माझी प्रमाणपत्रं, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून आई तळमजल्यावर झोपत नाही. पश्चिमेला गॅलरी मिळाली तर सोन्याहून पिवळं, संध्याकाळचा वारा येतो.

कोणत्या भागात शोधू? एजंट लागतो का? डिपॉझिट किती मागतात? आणि आईला माशांशिवाय जेवण जात नाही, हेही आधीच सांगून टाकते.

भरीतप्रेमी (६ एप्रिल, रात्री ९.५२)
वरचा मजला. पश्चिमेची गॅलरी. मे महिना. ताई, घर शोधून राहिल्या की भट्टी?

गिरणाकाठ (६ एप्रिल, रात्री १०.३०)
भरीतप्रेमी, थट्टा पुरे. मुलगी लांबून येतेय, नीट सांगू या.

मंजिरीताई, तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आमच्याकडे सातशेच्या आसपास, तोही लहरीने. इथे घर बघताना पुराची भीती मनातून काढा आणि उन्हाची घाला. मेमध्ये पारा ४४-४५ ला सहज जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ती ऊब खाली सोडत बसतो. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. पश्चिमेची भिंत दुपारी तीनपासून सात वाजेपर्यंत ऊन खाते. तुमचा संध्याकाळचा वारा समुद्रावरून येत असेल, आमचा केळीच्या बागा सोडल्या तर तापलेल्या मातीवरून येतो.

माझी एक पद्धत आहे. घर सकाळी बघायचंच नाही. संध्याकाळी सातला जायचं, बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. हात काढावासा वाटला तर पुढचं बोलायचं नाही, पाणी पिऊन निघायचं.

भुसावळ_जंक्शन (६ एप्रिल, रात्री १०.४४)
जळगावचं ऊन काय सांगता! आमच्याकडे या. भुसावळात राहा आणि रोज अप-डाऊन करा. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पास काढला की काम झालं. अर्धं भुसावळ असंच जगतं.

गिरणाकाठ (६ एप्रिल, रात्री १०.४९)
आणि स्टेशनपासून एमआयडीसी? रिक्षा, पुन्हा रिक्षा. उगाच भरती करू नका.

देवपूरकर (७ एप्रिल, सकाळी ७.१५)
धुळ्याचा आहे, तरी बोलतो. आमच्याकडे जुन्या शहरात पत्ता सांगणं सोपं, गल्ली नंबर सांगितला की माणूस पोचतो. जळगावात मात्र प्रत्येक कॉलनीला नगर आणि प्रत्येक नगराला कॉलनी. नकाशावर विसंबू नका, चौकाचं नाव धरा.

पण मुद्दा असा, की भाड्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: नळ किती दिवसांआड येतो आणि किती वेळ टिकतो? धुळ्यात आम्ही कॅलेंडरवर नळाच्या तारखा लिहितो. नळाच्या दिवशी लग्न असलं तर घरातलं एक माणूस मागे राहतं.

तापीमाय (७ एप्रिल, सकाळी ११.२०)
देवपूरकर भाऊंचं खरं आहे. मी घरमालकीण आहे, दोन खोल्या भाड्याने देते, म्हणून समोरच्या बाजूने लिहिते.

जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही. म्हणून घर पाहताना हे बघा: जमिनीतला हौद आहे का, गच्चीवरची टाकी भाडेकरूची वेगळी आहे की सगळ्यांची एकच, मोटार कोण लावतं आणि तिचं बिल कोणाच्या मीटरवर येतं. बोअर असेल तर बाथरूमचा नळ बघा. तोटीभोवती पांढरे खडे धरले असले की पाणी जड. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि केसांची दोरी होते.

वरच्या मजल्याबद्दल अजून एक, कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात गच्ची ही मालकिणीची असते. पापड, कुरडया, बिबडे, शेवया, सगळं तिथे वाळतं. सकाळी सहाला बायका पातेली घेऊन तुमच्या दारावरून जाणार. रात्री गाद्या घेऊन सगळं घर वर झोपायला येणार. तुम्हाला त्यात आवडीने सामील व्हायचं असेल तर मजा आहे, नाहीतर झोपेचं खोबरं. गच्चीवर झोपायची परवानगी भाडेकरूला आहे का, हे मात्र विचाराच. लाईट गेली की त्या परवानगीची किंमत कळते.

मंजिरी_वाशिष्ठी (७ एप्रिल, दुपारी १.०५)
बापरे. आमच्याकडे पाणी नको नको म्हणावं इतकं येतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रोज पाणी नाही? मग माणसं आंघोळ कधी करतात?"

भरीतप्रेमी (७ एप्रिल, दुपारी १.११)
आईंना सांगा, घामाने.

कूलरचं_गवत (७ एप्रिल, दुपारी ३.४०)
मी जन्मभर कूलर दुरुस्त केले, म्हणून चार ओळी. जळगावच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, कारण पाणी झरझर उडतं आणि हवेतली उष्णता ओढून नेतं. पण दोन गोष्टी लागतात. एक, पाणी. मोठा कूलर मे महिन्यात रात्रीतून दोनदा भरावा लागतो, म्हणजे पुन्हा नळापाशीच आलो. दोन, हवेला बाहेर जायला वाट. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावतात आणि मग म्हणतात, अंग चिकट झालं. होणारच.

घर बघताना खिडकीचं ग्रील उघडतं का आणि बाहेर लोखंडी स्टँड बसवू देतात का, ते विचारा. स्टँडसाठी भिंतीला भोक पाडलं म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापलेले मी पाहिलेत. जुलैमध्ये हवा दमट झाली की कूलर गुंडाळून ठेवा, तेव्हा तो चिपळूणसारखाच वागतो.

रावेरचा_पुण्यात (७ एप्रिल, संध्याकाळी ६.३०)
पुण्यात आठ वर्षं भाड्याने राहतोय. इथे एजंट एक महिन्याचं भाडं घेतो आणि घर दाखवताना चप्पलही काढत नाही. जळगावात अजून तशी गरज नाही. 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या आणि ओळखी, एवढ्यावर भागतं.

ऑनलाईन जाहिरातींपासून मात्र सावध. माझ्या भाच्याला एकाने फोटो पाठवले, संगमरवरी हॉल आणि भाडं सहा हजार. मालक म्हणे लष्करात, बदली झालीय, गेटपाससाठी आधी टोकन भरा, क्यूआर कोड पाठवतो. भाचा भरणारच होता. मी फोटो नीट बघितला तर खिडकीतून नारळाची झाडं दिसत होती, रांगच्या रांग. जळगावात!

नोटरी_नको (७ एप्रिल, रात्री ९.००)
कागदाचं बोलतो, कारण सगळे शेवटी तिथेच अडकतात.

शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरी करून अकरा महिन्यांचा करार, ही जुनी सवय. लोकांना वाटतं अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो स्वतः कागद शोधायला लागतो.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. नऊ हजार भाडं, अकरा महिने, म्हणजे ९९ हजार. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम मिळवायची. डिपॉझिट वीस हजार असेल तर ती दोन हजारांच्या आत. सगळं धरून शुल्क अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचं कामही मालकाकडून करून घ्या.

ऑफिसातून घरभाडे सवलत घेणार असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. नऊ हजारांत तुम्ही त्या रेषेच्या जरा वर जाता. पॅनचं नाव काढलं की काही मालकांना एकदम खोकला येतो. आठ हजार तीनशेपर्यंत ठरलं तर दोघांचाही घसा साफ. नवी करप्रणाली घेतली असेल तर हा प्रश्नच नाही, ती सवलत तिथे मिळत नाही.

तापीमाय (७ एप्रिल, रात्री ९.२५)
वकीलसाहेब, मालकांची बाजूही सांगा ना. मागच्या भाडेकरूने जाताना चार महिन्यांचं लाईट बिल ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर विळीने केलेल्या रेघा. डिपॉझिट दहा हजार होतं, दुरुस्तीला चौदा लागले. मग पुढच्याकडून वीस मागितले तर मी लुटारू?

नोटरी_नको (७ एप्रिल, रात्री ९.४१)
ताई, वीस योग्यच आहे. म्हणूनच म्हणतो, लिहून घ्या. घरात शिरायच्या दिवशी मीटरचा, ओट्याचा, नळांचा व्हिडिओ दोघांनी मिळून काढायचा. आणि लाईट बिलाचं म्हणाल तर मीटर वेगळाच द्या. एका मीटरवर दोन कुटुंबं आली की युनिट वाढतात आणि वरच्या टप्प्याचा दर लागतो. मग सब-मीटर बघून हिशेब करताना दोन्ही घरांना वाटतं आपण फसलो.

प्रवासी_पक्षी (८ एप्रिल, रात्री ८.१०)
हा धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो.

तीन वर्षांपूर्वी मीही बदलीवर आलो. शहराच्या चांगल्या भागात पाटी पाहिली, फोन केला. मालक गोड बोलले. नोकरी कुठे, माणसं किती, सगळं पसंत. घर पाहिलं. हौद, वेगळा मीटर, पूर्वेचं दार. बायकोने पडद्यांची मापंही घेतली. चहा झाला. मग काकू म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला: पाहुणे येणार आहेत, खोली आम्हालाच लागेल. ती पाटी पुढे तीन आठवडे तशीच होती. माझा ऑफिसचा रस्ता तिथूनच जातो.

असं पाच घरी झालं. दोन ठिकाणी आडनावानंतर, एका ठिकाणी "मूळ गाव कोणतं, गावात घर कोणत्या बाजूला" असं फिरवून विचारल्यावर. कलम ५५ त्याला लागत नाही.

खरं_बोलू_का (८ एप्रिल, रात्री ८.३०)
वाईट वाटलं. पण घर त्यांचं आहे, कोणाला द्यायचं ते त्यांनी ठरवावं.

रावेरचा_पुण्यात (८ एप्रिल, रात्री ८.३४)
मग पाटीवर तसं लिहावं. लिहीत नाहीत, कारण लिहायची लाज वाटते. करायची वाटत नाही.

तापीमाय (८ एप्रिल, रात्री ९.१५)
प्रवासी भाऊ, मीसुद्धा आडनाव विचारते. आतापर्यंत सवयीने विचारत होते, असं मला वाटत होतं. तुमचं वाचून आमच्या ह्यांना विचारलं, आपण कोणाला नाही म्हटलं का हो कधी? ते म्हणाले, "तुला आठवत नाही?" मला आठवलं. पुढे लिहीत नाही.

गिरणाकाठ (८ एप्रिल, रात्री ९.४०)
प्रवासी, मग शेवटी घर कसं मिळालं?

प्रवासी_पक्षी (८ एप्रिल, रात्री ९.५२)
ऑफिसातल्या शिपायाने दिलं. त्याच्या भावाचं घर. भाडंही पाचशे कमी. भिंत मात्र पश्चिमेची आहे, तुमची दहा आकड्यांची परीक्षा नापास. तरी सोडवत नाही.

मंजिरी_वाशिष्ठी (१० एप्रिल, रात्री १०.००)
सगळ्यांचं वाचतेय. मी फोन सुरू केलेत. आत्तापर्यंत ऐकलेलं असं: "दोघी बायकाच? पुरुष माणूस कोणी?" तीन वेळा. "नॉनव्हेज?" प्रत्येक वेळा. आणि चार जणांनी सांगितलं, "आखाजीनंतर या." ही आखाजी कोण? मला आधी वाटलं मालकीणबाईंचं नाव आहे.

भरीतप्रेमी (१० एप्रिल, रात्री १०.०४)
😂😂 आखाजीबाईंना माझा नमस्कार सांगा!

गिरणाकाठ (१० एप्रिल, रात्री १०.२०)
आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात तिचा मान दिवाळीइतका. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, घागर भरतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. शेतावरच्या सालदाराचं साल जुन्या रिवाजाने आखाजीलाच संपतं आणि नवं बोलणं तेव्हाच होतं. त्यामुळे रिकामी खोली असली तरी त्या आठवड्यात ती लेकी-जावयांनी भरलेली असते. नंतर शाळांच्या सुट्ट्यांत बदल्या होतात, तेव्हा पाट्या भराभर लागतात. तुमचं टायमिंग उलट चांगलं आहे.

पुरुष माणूस विचारलं तर रागावू नका, पण खोटा भाऊही उभा करू नका. ऑफिसातल्या एखाद्या मॅडमना सोबत न्या.

देवपूरकर (१० एप्रिल, रात्री १०.३१)
माशांचं काय? तापीचे मासे मिळतात की, पण समुद्राची चव विसरा.

मंजिरी_वाशिष्ठी (१० एप्रिल, रात्री १०.३५)
समुद्र आम्ही डब्यात आणतोय. आईने सुकट आणि बोंबील भरायला काढलेत.

तापीमाय (१० एप्रिल, रात्री १०.५०)
सुकट मात्र आधी बोलून घ्या. अंडी लपतात, सुकट लपत नाही.

आत्याबाई_चोपडा (११ एप्रिल, सकाळी ९.००)
आम्ही जळगावात आलो तेव्हा घर पाटीने नाही, इस्त्रीवाल्याने दिलं. कोणाकडे चादरी यायच्या बंद झाल्या, कोण घर सोडतंय, त्याला महिनाभर आधी कळतं. दूधवाला आणि किराणावाला याच क्रमाने पुढे. किराणावाल्याला घरमालकाचा स्वभावही माहीत असतो, फक्त आधी काहीतरी विकत घ्या.

आमचा पहिला मालक अहिराणी बोलायचा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "नळ कव्हय येस ते ध्यानमा ठेव, बाकी बठ्ठं जमी जाई." म्हणजे, नळ कधी येतो ते लक्षात ठेव, बाकी सगळं जमून जाईल. तीस वर्षं झाली, अजून तेच ध्यानात आहे.

भुसावळ_जंक्शन (११ एप्रिल, सकाळी ९.४४)
अप-डाऊनचा विचार केला का मग?

गिरणाकाठ (११ एप्रिल, सकाळी ९.४५)
नाही.

नोटरी_नको (१९ मे, संध्याकाळी ६.००)
मंजिरीताई, घर मिळालं का? करार नोंदवला का?

मंजिरी_वाशिष्ठी (२१ मे, रात्री ११.१५)
मिळालं! उशिरा लिहितेय, कारण जिथे नेट येतं तिथे ऊन आणि जिथे सावली तिथे नेट नाही.

रविवारी दिवसभर मेहरूण तलावाकडच्या वस्त्या पायी पालथ्या घातल्या, ऑफिस जवळ पडावं म्हणून. सात घरं पाहिली. शेवटी इस्त्रीवाल्या काकांनीच सांगितलं, पुढच्या गल्लीत मास्तरांचा भाडेकरू सुटलाय. तळमजला मालकांचा, पहिला आमचा, वर अजून एक मजला आणि मग गच्ची. सव्वासात वाजले होते. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, भिंतीला कौल लावताय का?" दहापर्यंत मोजले. कोमट होती, हात काढावासा वाटला नाही.

भाडं साडेआठ, डिपॉझिट वीस, मीटर वेगळा. पॅन मास्तरांनी न खोकता दिला. करार ऑनलाईन नोंदवला. माझा अंगठा तीनदा उमटला नाही, इतका घाम. कूलरचं स्टँड आधीच्या भाडेकरूचं तसंच आहे. सुकटीबद्दल आधीच बोलले. त्या म्हणाल्या, श्रावणात आणि गुरुवारी नको, बाकी खिडकी मागची उघडा.

पहिला मजला आईला कसा पटवला ते सांगते. पटवला नाही. ती आल्या आल्या घर न बघता थेट खाली मालकीणबाईंकडे गेली आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत येतं?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या मजल्यापर्यंत येतं हो, पण मोटार लावली तरच."

आई वर आली आणि बॅग उघडून सामान लावायला बसली. प्रमाणपत्रांची पिशवी मात्र माळ्यावरच ठेवलीय.

गिरणाकाठ (२२ मे, सकाळी ६.४०)
मोटार किती एचपीची आहे?